जिथे पडला, तिथला

मे महिन्यातली दुपार. पुण्यातल्या सिमला ऑफिसच्या बसस्टॉपवर त्या वेळी सावली अशी नसतेच. असते ती एका खांबाची, आणि तीही कुणीतरी आधीच पटकावलेली असते. त्या दिवशी त्या सावलीत एक आजोबा उकिडवे बसले होते. पांढरा सदरा, लेंगा, टोपी, आणि दोन पायांच्या मध्ये टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं, कलिंगड असेल. मी शेजारी जाऊन उभी राहिले तशी त्यांनी मान वर केली. “ताई, वेधशाळा म्हंत्यात ती हीच का?” मी म्हटलं, “हो, समोरचंच गेट.” त्यांनी गेटाकडे पाहिलं, दगडी इमारतीकडे पाहिलं, आणि माझ्यावर भरवसा ठेवावा की नाही याचा क्षणभर विचार करून विचारलं, “मंग हितं दगड बघत्यात न्हवं?” आणि टॉवेल सोडला. आत नारळाएवढा काळा दगड होता. एका अंगाने काचेसारखा चकाकणारा, दुसऱ्या अंगाला बारीक बारीक भोकं, आंबोळीला जाळी पडावी तशी. त्या भोकांत जुनं कुंकू जाऊन बसलेलं.

दौंडकडचे होते. त्यांचे वडील सांगायचे की एका रात्री आभाळातून उजेड आला, गावातली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली, आणि सकाळी बांधावर हा दगड पडलेला. तेव्हापासून तो घरातल्या देवळीत. सणावाराला हळदकुंकू, एखादं फूल. आता नातवाने मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, आजोबा, ही उल्का आहे, हिला ग्रॅमवर भाव असतो. “भावाचं काय न्हाई ताई,” ते म्हणाले, आणि थोडं थांबून, “म्हंजी मिळाला तर काय वाईट न्हाई. पर वडलांचं खरं व्हतं का, तेवढं कळाया पायजे.”

मला ते कळलं होतं. दगड पाहताक्षणीच. अवकाशातून पडलेल्या दगडांना अशी भोकं सहसा नसतात. त्यांच्यावर जेमतेम मिलिमीटरभर जाडीची काळी साल असते, कधी कधी ओल्या कणकेत बोटं उमटावीत तसे खळगे असतात, पण जाळी नसते. जाळी असते ती भट्टीतून निघालेल्या धातूच्या मळीला, नाहीतर वीटभट्टीत जास्त भाजून वितळलेल्या विटांच्या गोळ्याला. त्याला आपल्याकडे खंगर म्हणतात. भीमेच्या काठाने वीटभट्ट्यांना तोटा नाही. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. निदान एवढं तरी, की हे हवामानाचं ऑफिस आहे, इथे पाऊस बघतात. दगड दाखवायचा तर पुढे विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे, तिकडे जा. मी म्हटलं, “विचारून बघा ना आत.”

आणि माझी बस आली.

त्यानंतर कित्येक दिवस ते वाक्य दातात अडकलेल्या सुपारीसारखं मला टोचत राहिलं. खोटं तर मी काही बोलले नव्हते. पण उन्हातान्हात दौंडहून आलेल्या माणसाला चुकीच्या दारात ढकलून मी वातानुकूलित बसमध्ये चढले होते. स्वतःची समजूत घालायला मग मी माझ्या नेहमीच्या जागी गेले, म्हणजे शब्दकोशात. भाषांतराची कामं करणाऱ्या माणसाची ही खोड असते. अपराधी वाटलं की व्युत्पत्ती बघायची. आणि गंमत अशी, की व्युत्पत्तीने आजोबांचीच बाजू घेतली. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं आणि पुणेकरांनी त्या इमारतीला कायमचं ‘सिमला ऑफिस’ करून टाकलं. त्या खात्याच्या इंग्रजी नावातलं ‘मीटिऑरॉलॉजी’ आणि आभाळातून पडणाऱ्या दगडाचं ‘मीटिऑराइट’ ही एकाच ग्रीक आईची लेकरं. ‘मेटेऑरॉन’ म्हणजे वर, अधांतरी असलेलं काहीही. पाऊस, गारा, इंद्रधनुष्य, तुटता तारा, सगळं एकाच टोपलीत. अ‍ॅरिस्टॉटलने या विषयावर लिहिलं तेव्हा तुटता तारा त्याला हवामानाचाच प्रकार वाटत होता. जमिनीतून निघालेली कोरडी वाफ वर जाऊन पेट घेते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटल पुण्यात असता तर त्यानेही आजोबांना त्याच गेटाकडे बोट दाखवलं असतं. अर्थात याने माझं वाक्य काही धुऊन निघत नाही.

आपल्या शब्दाची गोष्ट निराळी आहे. मागे मुलांसाठीच्या एका विज्ञानाच्या पुस्तकाचं भाषांतर करताना मी या शब्दांपाशी चांगली आठवडाभर अडकले होते. इंग्रजीत तीन वेगळे शब्द: अवकाशात फिरतो तो दगड किंवा कण एक, हवेत शिरल्यावर जी प्रकाशाची रेघ उमटते ती दुसरी, आणि जमिनीवर येऊन पोचतो तो तिसरा. मराठीत बोलताना आपण तिन्हींना उल्का म्हणून मोकळे होतो. खगोलवाली मंडळी पडलेल्या दगडाला ‘अशनी’ म्हणतात, आणि तो शब्द सुरेख आहे, पण दौंडच्या नातवाला तो मोबाइलवर सापडणार नाही. संस्कृतात उल्का म्हणजे मुळात जळतं कोलीत, मशाल. दिवाळीच्या अवसेला पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून पेटते पलिते दाखवायची जी जुनी चाल आहे तिला ‘उल्कादान’च म्हणतात. म्हणजे हा शब्द वस्तूचा नाहीच, उजेडाचा आहे. आणि तो उजेडही किती वेळ? बहुतेक उल्का वाळूच्या कणाएवढ्या असतात. ऐंशी ते एकशेवीस किलोमीटर उंचीवर, सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगाने हवेत घुसतात आणि ‘अगं ते बघ’ म्हणेपर्यंत संपतात. शेजारच्याला कधीच दिसत नाहीत.

वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांना अख्खा अध्याय दिलाय. त्याची व्याख्या वाचून मी खुर्चीत मागे टेकले होते. स्वर्गात आपल्या पुण्याचं फळ भोगून झाल्यावर जे खाली पडतात, त्यांची दिसणारी रूपं म्हणजे उल्का. सेव्हिंग्ज संपले, खाली उतरा. मग तो पाच प्रकार सांगतो: धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा. त्यातली अशनी चाकासारखी फिरत, मोठा आवाज करत माणसांवर, हत्तीघोड्यांवर, घरांवर, झाडांवर कोसळते आणि जमीन फाडते. अशनी म्हणजे वीजही, वज्रही. ही सरमिसळ एकट्या संस्कृताची नाही. १६२१ साली जालंधरजवळ आभाळातून लोखंड पडलं. जहांगीरने ते उकरून आणवलं, त्याच्या तलवारी आणि कट्यार-सुरी करवून घेतली, आणि आपल्या आठवणींत त्याला विजेचं लोखंड म्हटलं. नुसतं ते ठोकल्यावर फुटत होतं म्हणे, म्हणून तीन भाग ते आणि एक भाग साधं लोखंड असं मिसळावं लागलं. यातला विज्ञानाचा भाग सोडा, मला तो लोहार दिसतो. बादशहा समोर बसलाय, आभाळातला ऐवज ऐरणीवर आहे, आणि तो तुकडे होऊन उडतोय.

माझ्या आत्याचं नाव उल्का.

होतं, असं म्हणायला हवं. जन्म १९४७चा, नारायण पेठेतल्या वाड्यातला. ती झाली त्या रात्री माझे आजोबा गच्चीत येरझारा घालत होते आणि त्यांना तारा तुटताना दिसला. शाळामास्तर माणूस, आगरकरांचा भक्त, शकुन-अपशकुन मानणार नाही म्हणजे नाही. बारशाला त्यांनी ‘उल्का’ जाहीर केलं. आजीचा संताप शेवटपर्यंत गेला नाही. तुटलेल्या ताऱ्याचं नाव कुणी पोटच्या पोरीला ठेवतं? आम्हा नातवंडांना ती गच्चीत झोपलेलं असताना तारा तुटला की तोंड फिरवून ‘राम राम’ म्हणायला लावायची, आणि आम्ही काही सांडलवंड केली की कपाळावर हात मारून म्हणायची, “काय हा उल्कापात!” लगेच जीभ चावायची, कारण आत्या शेजारच्या खोलीत असायची. आत्याला या सगळ्याचं काही वाटत नसे. शाळेत तिच्या वर्गात तीन सुलभा आणि चार शैला होत्या, उल्का एकच. ती सही करायची तेव्हा ‘ल्का’चा काना असा लांब खाली ओढायची, की वहीच्या दोन रेघा ओलांडून जायचा. मी तो काना पाहिलाय. तिच्या मॅट्रिकच्या पुस्तकांवर तो आहे.

१९६९ साली तिचं लग्न झालं आणि ती वसुधा झाली. तेव्हा ते इतकं सरसकट होतं की कुणाला त्यात सांगण्यासारखंही काही वाटत नसे. मीच एकदा खोदून विचारलं. आत्या गवार मोडत होती. म्हणाली, “अगं, ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने नाव लिहिलं. मी समोर बसलेले, मला ते उलटं दिसत होतं. ‘व’ कळला. पुढचं काय ते लागेना. मग सगळ्या बायका म्हणाल्या, वाच, वाच. मी म्हटलं, चष्मा नाही लावलेला.” आणि हसली. “चष्मा तेव्हा होता का तुला?” “छे गं.” गवारीच्या शिरा तिने एका बाजूला सारल्या. “सासूबाईंना ते नाव अमंगळ वाटत होतं. त्यांचंही काय चुकलं? आईलाही वाटायचंच की.” मला राग येत होता, तिला येत नव्हता, आणि तिला येत नाही याचाही मला राग येत होता. माझ्या लग्नात मी नाव बदललं नाही. पण तिच्या चाळीस वर्षं सुरळीत चाललेल्या संसारापुढे तो काही फार मोठा पराक्रम आहे, असं मला हल्ली वाटेनासं झालंय. अलीकडे एका बँकेत मात्र तिच्या माहेरच्या नावाची एक जुनी ठेव निघाली आणि ‘उल्का उर्फ वसुधा’ ही एकच बाई आहे हे सिद्ध करायला आम्हाला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. सही करताना आत्या म्हणाली, “दोन्ही नावांनी करायचीय?” आणि उल्काचा काना विसरली. सरळ, आखूड काढला.

ती आमच्याबरोबर एकदा उल्का बघायला आली होती. नोव्हेंबर १९९८. सिंह राशीतला तो वर्षाव तेहेतीस वर्षांनी जोमात येणार म्हणून गावभर बोलबाला होता. टेम्पल-टटल नावाच्या धूमकेतूने मागे टाकलेला तो कचरा, सेकंदाला सत्तर-एकाहत्तर किलोमीटर वेगाने येणारा. सतरा तारखेची रात्र धरायची, असं ठरलेलं. पानशेतच्या रस्त्याला बाबांच्या मित्राचं शेत होतं. तिथे सतरंज्या, शाली, मोठ्या थर्मासमधला चहा, चिवड्याचा डबा. थंडी अशी की चिवड्यातले शेंगदाणेसुद्धा गार लागत होते. आम्ही रात्रभर उताणे पडून राहिलो. दिसल्या, नाही असं नाही. पण तो जो पाऊस म्हणतात, तो नाही. उजाडल्यावर दव पडून सतरंज्या ओल्या, माना आखडलेल्या. मग कळलं की खऱ्या मोठमोठ्या, पेटत्या उल्का आदल्या रात्रीच पडून गेल्या. सगळ्या जगाचा अंदाज चुकला होता. बाबा हिरमुसले. आत्या थर्मास धुता धुता म्हणाली, “कालच होय? काल मी गच्चीत पापड काढायला गेले होते खरी. वर बघितलंच नाही.”

भाषांतराच्या त्या कामात मला एक नियम सापडला होता, तो तेव्हापासून मनात घर करून आहे. पडलेल्या दगडाला नाव द्यायचं ते तो जिथे पडला त्या जागेचं. तो कुठून आला याला नावात जागा नाही. २२ मे २०१२ला नागपूरजवळ संत्र्यांच्या मुलखात दगड पडले, ते ‘काटोल’. १९७६चे गुजरातेतले ‘धजाला’. १८६५ साली बिहारात शेरगोटी गावात एक पडला. तो मंगळाचा तुकडा आहे हे कळायला पुढची शंभरहून अधिक वर्षं गेली. आज मंगळावरून आलेल्या दगडांच्या एका अख्ख्या जातीला जगभरचे शास्त्रज्ञ ‘शेरगोटाइट’ म्हणतात. अंटार्क्टिकात सापडला, सहारात सापडला, तरी शेरगोटाइट. बिहारच्या एका गावचं आडनाव लावून मंगळाचे दगड जगभर नांदताहेत. आभाळातून पडलेल्या इतर कित्येक दगडांचं वय साडेचारशे कोटी वर्षांच्या वर आहे, पृथ्वीपेक्षाही थोडं जास्तच. पण कागदावर त्यांचा जन्म आपल्या कुठल्यातरी तालुक्यात. आणि आपलं लोणार? सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, काळ्या कातळात कोरलेलं. पण ज्याने ते पाडलं त्याचा हातात धरावा असा तुकडा नाही. आघातातच त्याची वाफ झाली, वितळून गेला. तिथे जागेला नाव आहे आणि पडणारा नाहीसा आहे.

आजोबांचं ‘वडलांचं खरं व्हतं का’ हे मात्र यातल्या कशानेच मिटत नाही. आभाळातून दगड पडतात हे शेतकऱ्यांनी हजारो वर्षं सांगितलं आणि पुष्कळ शहाण्यांनी ते हसण्यावारी नेलं. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत युरोपातली विद्वान मंडळी म्हणत होती की असं होत नसतं. वीज पडली असेल, नाहीतर ज्वालामुखीतून उडाला असेल. १९ डिसेंबर १७९८च्या रात्री बनारसजवळ आगीचा लोळ दिसला आणि दगड पडले. ते विलायतेला गेले. एडवर्ड हॉवर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्यांची आणि इतर देशांत पडलेल्या दगडांची तपासणी केली, सगळ्यांत सारखंच निकेल सापडलं, आणि १८०२ साली त्याने ते छापलं. तेव्हा कुठे मंडळी विचारात पडली. बनारसच्या त्या खेड्यातल्या ज्या माणसाच्या शेतात तो दगड पडला, त्याला कुणी विचारायला गेलं असेल का, की बाबा, तुझं खरं होतं?

पण दर वेळी शेतकऱ्याचंच खरं निघतं असंही नाही. २०२२चा गुढीपाडवा आठवतोय ना? संध्याकाळी विदर्भाच्या आभाळातून पेटत्या रेघा सरकत गेल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्रीपर्यंत ‘उल्का’, ‘उल्का’ चाललं होतं, सोबत हात जोडलेले इमोजी. ती निघाली चिनी रॉकेटची मोडतोड. उजेड खरा, कुत्री भुंकली असतील तीही खरी, फक्त नाव चुकलं. दौंडला त्या रात्री उजेड पडला नसेलच, असं मी कशावरून म्हणावं? उजेड पडला, माणूस सकाळी बांधावर गेला, आणि त्याला तिथे एक काळा दगड दिसला. एरवी तो पायाने सरकवून पुढे गेला असता. त्या सकाळी त्याने तो उचलला. यात खोटं कोण बोललं?

परवा, म्हणजे श्रावण लागल्यावर, पुन्हा त्या बाजूला काम निघालं. पाऊस नुकता थांबलेला, वारा मात्र सोसाट्याचा. बसला वेळ होता म्हणून टपरीवर चहा घ्यायला वळले, तर बाकड्याच्या कडेला, ताडपत्रीच्या टोकावर तो दगड. मी खाली वाकून पाहिलं. तीच चकाकी, तीच जाळी. पावसाने काळा कुळकुळीत झालेला, पण खालच्या बाजूच्या दोन-तीन भोकांत अजून कुंकू होतं, ओलं होऊन गडद झालेलं. टपरीवाल्याने स्टोव्हवरून मान न काढता सांगितलं, “एक बाबा ठेवून गेलेत. उन्हाळ्यात. आत कुणी बघंना, परत न्यायला जड झाला. म्हणाले, येतो नातवाला घेऊन.” मी विचारलं, “आले?” त्याने नुसती मान हलवली. मी दगड दोन्ही हातांनी उचलून पाहिला. आकाराच्या मानाने हलका होता. म्हणजे खंगरच. आजोबांना जड झाला होता, तो. ताडपत्रीचं टोक सुटून फडफडायला लागलं, तसा मी घाईघाईने पुन्हा ठेवला, पण चुकीच्या जागी. टोक मोकळंच राहिलं. टपरीवाला माझ्या मागे बघत पोऱ्यावर ओरडला, “ए बारक्या, त्यांना राहू दे. तू ठेव नीट. दौंडवाला त्या टोकावर, आणि वीट इकडे.”